मुक्या जीवावरचा राजदंड

गोठ्यांत रोग शिरला कीं घरांत कोणाच्या घशाखालीं घास उतरत नाहीं, हें शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेल्या वारकऱ्याला सांगावें लागत नाहीं. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, बुळकांडी हीं नांवें म्हातारीं माणसें अजून आवाज खालीं आणून घेतात. बैल गेला म्हणजे घरचा कर्ता गेला, इतकें तें दुःख. पण त्याच दुःखाच्या पोटांत एक धर्माचा प्रश्न आहे, आणि त्याकडे आपण फारसें पाहत नाहीं. रोग पसरूं नये म्हणून जिवंत जनावर मारण्याचा अधिकार सरकारला असावा काय? आजारी जनावर तर राहोच, पण त्याच्या शेजारचें धडधाकट जनावरहि, ‘उद्यां यालाहि होईल’ एवढ्या शंकेवरून मारावें काय? आणि धन्यानें हात जोडून ‘नको’ म्हटलें, तर त्या ‘नको’ला कांहीं किंमत आहे काय?

प्रश्न कल्पनेंतला नाहीं. जगांतल्या बहुतेक देशांत असा अधिकार कायद्यानें सरकारला दिलेला आहे. आपल्या देशांतहि आहे. त्याचा विचार करतांना दोन सोप्या वाटा दिसतात. एक म्हणते, जीवहत्या हें पाप, पुढें बोलूंच नका. दुसरी म्हणते, शास्त्रज्ञ सांगतील तें करावें, देवाधर्माचें यांत काय काम? सज्जनहो, या दोन्ही वाटा फार लवकर मुक्कामाला पोंचतात, आणि इतक्या लवकर पोंचवणाऱ्या वाटेवर आमचा विश्वास नाहीं. म्हणून आधीं एका बैलाची हकीकत सांगतों.

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स म्हणून डोंगराळ प्रदेश आहे. तेथें कारमार्दनशायर परगण्यांत स्कंद व्हेल या नांवाचा आश्रम आहे. श्रीलंकेच्या एका साधुपुरुषानें तो १९७३ सालीं स्थापला. मुरुगन, महाशक्ति आणि रंगनाथ यांचीं देवळें तेथें आहेत. साधू बरेचसे गोरे, पण रोजची पूजाअर्चा आपल्याकडल्यासारखीच, आणि आवारांत हत्या मुळींच नाहीं. या आश्रमांत शंभो नांवाचा सहा वर्षांचा काळा बैल होता. २००७ सालच्या एप्रिलमध्यें क्षयाची सरकारी तपासणी झाली. कातडीला टोचून ती करतात. तींत शंभोला क्षयाचा संसर्ग असल्याचें निघालें. त्या देशांत असें जनावर मारण्याचा शिरस्ता आहे.

आश्रमानें सांगितलें, हा बैल वरून निरोगी दिसतो. तो कोणाच्या ताटांत जायचा नाहीं, बाजारांत जायचा नाहीं, दुसऱ्या गुरांत मिसळायचा नाहीं. आम्ही त्याला वेगळा ठेवतों, औषधोपचार करतों. देवळाच्या आसऱ्याला असलेला जीव वधासाठीं आमच्या हातानें आम्ही काढून देणार नाहीं.

प्रकरण कार्डिफच्या न्यायालयांत गेलें. १६ जुलैला न्यायमूर्ति हिकिनबॉटम यांनीं सरकारचा हुकूम रद्द केला. अवघ्या एका आठवड्यानें, २३ जुलैला, वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. २६ जुलैला अधिकारी आणि पोलिस आश्रमांत आले. प्रार्थना करीत बसलेल्या भक्तांना त्यांनीं बाजूस केलें, शंभोला गाडींत चढविलें, आणि नेऊन सुई टोचून त्याचा प्राण घेतला.

येथवर वाचून कित्येकांचे डोळे ओले झाले असतील. होऊं द्यावेत. पण पुढची गोष्टहि ऐकली पाहिजे. मेल्यावर त्याची चिरफाड केली तेव्हां क्षयांत होतात तशा गांठी त्याच्या शरीरांत सांपडल्या. म्हणजे सरकारची शंका कांहीं पोकळ नव्हती. गाईबैलांचा क्षय माणसालाहि होतो. कच्च्या दुधांतून तो येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याच ब्रिटनमध्यें या रोगानें वर्षाला हजारोंनीं माणसें जात, आणि त्यांत लहान लेकरें फार असत. दूध तापवून विकण्याची रीत पडली, आणि १९५० नंतर गुरें तपासून रोगी जनावर काढून टाकण्याची मोहीम देशभर झाली, तेव्हां तें मरण आटोक्यांत आलें. हा इतिहास ज्याच्या घरांत घडला, त्याला ‘एका बैलासाठीं एवढें काय अडून बसतां’ असें वाटलें तर तो निर्दय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

आणखी एक माणूस या हकीकतींत आहे, त्याच्याकडे कोणी कॅमेरा वळविला नाहीं. तो म्हणजे आसपासचा शेतकरी. दरवर्षीं तेथें हजारों गुरें याच नियमाखालीं मारलीं जातात. तो शेतकरी विचारतो, माझी गाय काय कमी प्रीतीची होती? मी तिला बाटलीनें दूध पाजून वाढविलें होतें. ती देवळांत नव्हती, माझ्या दारांत होती, एवढाच तिचा गुन्हा. मग देवळांतल्या बैलाला एक न्याय आणि दारांतल्या गाईला दुसरा, हें कसें? वारकऱ्याला हा प्रश्न टोचला पाहिजे. देवळाच्या आंतले आणि देवळाच्या बाहेरचे असा भेद मोडण्यासाठीं आपल्या संतांनीं आयुष्यें वेंचलीं. चोखोबांची समाधि महाद्वाराच्या समोर, बाहेर आहे; तिला नमस्कार केल्याशिवाय आपण आंत जात नाहीं. तेव्हां ‘मंदिराचा बैल म्हणून सोडा’ हें म्हणणें आमच्या तोंडीं शोभत नाहीं.

मग पहिल्या न्यायाधीशानें काय पाहिलें, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सगळी मेख तेथें आहे. बैल पवित्र म्हणून सोडा, असें तो म्हणाला नाहीं. कायद्यांत ‘मारावेंच’ असें लिहिलेलें नव्हतें, ‘मारतां येईल’ असें होतें. सरकारला योग्य वाटल्यास, असे ते शब्द. योग्य वाटणें म्हणजे विचार करणें आलें. तुमचा हेतु रोगापासून माणसांचें आणि गुरांचें रक्षण करणें हा आहे. तो हेतु साधण्यास याच बैलाचा वध अटळ आहे काय, हें तुम्ही नीट तोलून पाहिलें नाहीं, असें त्याचें म्हणणें. वरच्या न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, तपासणें आणि दोषी जनावर काढून टाकणें हें धोरणच लोकांच्या आरोग्यासाठीं आहे, सरकारला तें सर्वांना सारखें लावण्याचा हक्क आहे. अपवाद करीत गेल्यास धोरण उरणार नाहीं.

दोघांत कोण बरोबर, हें कायद्याच्या दृष्टीनें ठरून गेलें. धर्माच्या दृष्टीनें आमचें मत सांगतों. सर्वांना सारखें वागविण्याचे दोन प्रकार आहेत. एक, प्रत्येकाकडे पाहणें. दुसरा, कोणाकडेच न पाहणें. देवळांतला बैल आणि दारांतली गाय यांना सारखा न्याय द्यायचा तर गाईकडेहि तितकेंच थांबून पाहावें. बैलाकडे पाहणें सोडून देऊन जी समता येते ती समता नव्हे, ती सोय आहे.

ही सोय हातीं लागली म्हणजे काय होतें, तें त्याच देशानें सहा वर्षें आधीं पाहिलें होतें. २००१ सालच्या फेब्रुवारींत ब्रिटनमध्यें लाळ-खुरकूत आली. तिचें मूळ इंग्लंडच्या उत्तरेकडील एका डुकरांच्या वाड्यांत होतें. तेथें डुकरांना खरकटें नीट न उकळतां घातलें जात होतें. तेथून रोग मेंढ्यांत गेला, मेंढ्यांबरोबर बाजारांत गेला, आणि बाजारांतून साऱ्या देशभर. सरकारनें फर्मान काढलें: रोग झालेल्या ठिकाणचीं जनावरें चोवीस तासांत मारावीं, आणि त्याला लागून असलेल्या वाड्यांतलीं अठ्ठेचाळीस तासांत. लागून असलेलीं, म्हणजे रोग झालेलीं नव्हेत. सप्टेंबरअखेर रोग थांबला तेव्हां रोगाचीं ठिकाणें भरलीं २,०२६, आणि मारलेलीं जनावरें ६० लाखांहून अधिक. त्यांतलीं २० लाखांहून अधिक तर निव्वळ एवढ्यासाठीं मारलीं, कीं ने-आण बंद झाल्यामुळें तीं जेथल्या तेथें चाऱ्यावांचून, जागेवांचून अडकून पडलीं होतीं. शेतांत लाकडांच्या आणि कोळशाच्या राशी पेटवून त्यांवर गुरें जाळलीं. तीं चित्रें जगानें पाहिलीं.

आतां लाळ-खुरकूत म्हणजे काय, हें आपल्याला कोणी शिकवायला नको. तोंड येतें, खूर फुटतात, लाळेच्या तारा लोंबतात, दूध आटतें, बैल आऊताला उभा राहत नाहीं. हाल फार. पण मोठें जनावर त्या रोगानें सहसा मरत नाहीं. लहान वासरूं दगावतें, बाकीचीं खंगून कां होईना उठतात. मग तेथें एवढा संहार कशासाठीं? दुखण्याची भीति होती हें खरें. त्याबरोबर बाजारहि होता. ‘लाळ-खुरकूत नसलेला देश’ असा दर्जा ज्याच्यापाशीं आहे त्याचें मांस आणि जनावर परदेशांत विकतां येतें. मारून रोग संपविला तर तो दर्जा लवकर परत मिळे. लस टोचून जनावरें जगविलीं तर उशीर लागे. म्हणून लस हातांत असून ती टोचली नाहीं. जिवाच्या रक्षणासाठीं जीव घेणें, हा एक विचार झाला. दर्जाच्या रक्षणासाठीं जीव घेणें, याला काय नांव द्यावें?

त्या धामधुमींत डेव्हन परगण्यांत एक गोष्ट घडली. एका गोठ्यांतलीं गुरें मारून टाकलीं होतीं. पांच दिवसांनीं तेथें मेलेल्या आईपाशीं एक पांढरें वासरूं जिवंत सांपडलें. जेमतेम दोन आठवड्यांचें. त्यालाहि मारायला माणसें निघालीं होतीं. तेवढ्यांत वर्तमानपत्रांत त्याचें चित्र आलें, लोकांनीं त्याला फीनिक्स असें नांव दिलें, आणि सगळा देश कळवळला. सरकारनें त्याच सुमारास शेजारच्या गोठ्यांतल्या निरोगी गाईंचा नियम सैल केला, आणि वासरूं वांचलें. आनंदाची गोष्ट आहे. पण तें वांचलें कशामुळें? त्याचें चित्र निघालें म्हणून. शंभोसाठीं हजारों लोकांनीं सह्या केल्या, कारण त्याला नांव होतें. साठ लाखांना नांवें नव्हतीं. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनीं वाळवंटांत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत रिकामी केली, तेव्हां तें गाढव कोणाचें, कोणत्या देवळाचें, हें त्यांनीं विचारलें नाहीं. तहानलेलें आहे एवढें त्यांना पुरलें.

पुढें ब्रिटनमध्यें कायदा बदलला, पण तो कोणत्या दिशेनें बदलला हें पाहण्यासारखें आहे. १९८१ च्या कायद्यांत लाळ-खुरकुतीसाठीं मारायचें जनावर रोगी असावें, संशयित असावें, रोग्याच्या संपर्कांत आलेलें असावें किंवा संसर्गाला उघडें पडलेलें असावें, अशी मर्यादा होती. शेजारच्या वाड्यांतल्या जनावरांना ती लागू होते कीं नाहीं यावरून २००१ सालीं लोक न्यायालयांत गेले. २००२ च्या कायद्यानें ती मर्यादाच काढली: रोगाचा प्रसार थांबविण्यासाठीं कोणतेंहि जनावर मारतां येईल, मग तें रोगी, संशयित, संपर्कांतलें असो वा नसो. कारणें प्रसिद्ध करण्याची अट घातली खरी. पण ‘या जनावराला काय झालें आहे?’ हा प्रश्नच कायद्याच्या वाटेंतून उचलून बाजूला ठेवला गेला. आमचा आक्षेप येथें आहे. मारावें लागणें ही आपत्ति आहे. विचारावें न लागणें हा अधर्म आहे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांत अहिंसेचें लक्षण सांगण्याआधीं माउली अशा मतांचा समाचार घेतात, जीं हिंसा करूनच अहिंसा साधूं पाहतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेंच बुंध्याला कुंपण करायचें. देऊळ पाडायचें आणि त्या दगडांनीं देवाभोंवतीं आवार बांधायचें. यज्ञाला तर ते सोडीत नाहींतच, पण वैद्यकालाहि सोडीत नाहींत. एका जिवाच्या औषधासाठीं दुसऱ्या जिवांची मुळें उपटणें, रस काढणें, प्राण घेणें, हें कसलें रक्षण, असा त्यांचा रोख आहे. साठ लाख जनावरें मारून कळपांचें रक्षण झालें, हें वाचतांना आम्हांला तें फांद्यांचें कुंपण आठवलें. झाड कोठें आहे, हें शोधावें लागतें.

यावर कोणी म्हणेल, तुकोबांनीं तर दयेच्या पोटांत जीवांच्या सांभाळाबरोबर दुष्टांचा बंदोबस्तहि घातला आहे. मग रोगी जनावराचा बंदोबस्त ही दयाच झाली. हा युक्तिवाद आम्हीं ऐकला आहे आणि तो लबाड आहे. बंदोबस्त करायचा तो कांट्याचा. येथें कांटा रोग आहे. जनावर तर कांटा रुतलेला पाय आहे. पाय कापल्यावांचून माणूस जगणार नसेल तर वैद्य पाय कापतो. पण पायाला शत्रु म्हणत नाहीं, आणि कापण्याआधीं कांटा निघतो का हें दहा वेळां पाहतो.

कांटा निघतो का? बुळकांडीची गोष्ट या बाबतींत मोठी बोलकी आहे. दहा गुरांतलीं आठ-नऊ नेणारा हा रोग. युरोपांत अठराव्या शतकाच्या आरंभीं त्यानें हाहाकार केला, तेव्हां रोमच्या धर्मगुरूंचे वैद्य लान्सिसी यांनीं रोगी गुरें मारून चुन्यांत पुरण्याचा सल्ला दिला, आणि १७१४ सालीं लंडनजवळ राजाचे शस्त्रवैद्य थॉमस बेट्स यांनीं गुरें मारून, जाळून, धन्याला भरपाई देऊन रोग आवरला. लस नव्हती, जंतु कोणाला ठाऊक नव्हता. त्या काळीं त्या माणसांनीं जें केलें त्यानें पुष्कळ गुरें वांचलीं, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. आपल्या देशांत मात्र गाय मारण्याचा हुकूम चालणें शक्य नव्हतें. म्हणून दुसरी वाट शोधावी लागली. १८८९ सालीं पुण्यांत जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वरला गेली. तेथें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स नांवाच्या शास्त्रज्ञानें शेळ्यांच्या अंगांत तो विषाणु पुनःपुन्हां वाढवून सौम्य केला आणि गुरांसाठीं लस काढली. १९५४ पासून देशभर टोचणी सुरू झाली. गांवोगांवचे स्टॉकमन पेटी खांद्याला लावून हिंडत. म्हाताऱ्या वाचकांना ते आठवत असतील. चार-पांच दशकें हें चाललें. २००६ सालीं भारत बुळकांडीमुक्त ठरला, आणि २०११ सालीं सारें जग. देवी गेल्यानंतर माणसानें पृथ्वीवरून घालविलेला हा दुसरा रोग.

येथें छाती फुगवायला आमची हरकत नाहीं, पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवून. त्या लसीसाठीं शेळ्यांचे जीव गेले, म्हणजे माउलींनीं वैद्यकाला विचारलेला प्रश्न आपल्यालाहि चुकलेला नाहीं. आणि न मारण्याची वाट ही फुकटची वाट नव्हती. पैसा, माणसें, पिढ्या लागल्या. ‘आम्ही मारीत नाहीं’ हें म्हणण्याचा अधिकार त्या टोचणी करणाऱ्यांना आहे. जो नुसताच हात बांधून बसला त्याला नाहीं.

उदाहरण शंभोच्याच रोगाचें घ्या. आपल्या गाईम्हशींतहि क्षय आहे. आपण त्यांना तपासून मारीत नाहीं. खरें पाहतां बहुतेक ठिकाणीं तपासीतहि नाहीं. दूध उकळून प्यायची आपल्या आयाबायांची संवय म्हणून बरें. दुधाची भाकड झालेली गाय दावें सोडून गांवाबाहेर हांकलायची, तिनें उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या गिळायच्या, आणि आपण वेल्सच्या बैलासाठीं डोळे पुसायचे, याला काय म्हणावें? त्या आश्रमाच्या साधूंचें एक मोठेपण असें कीं, त्यांनीं ‘मारूं नका’ एवढ्यावर थांबून चालणार नाहीं हें ओळखलें होतें. वेगळें ठेवूं, औषध करूं, असें ते म्हणाले. मारूं नका म्हणणाऱ्याला तें म्हणावेंच लागतें.

आतां आपल्या घरची आणखी एक गोष्ट, आणि ती अवघड आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं भारतांत कोंबड्यांतला बर्ड फ्लू प्रथम सांपडला तो नंदुरबार जिल्ह्यांतल्या नवापुरांत. सरकारनें टापू आंखला आणि त्यांतल्या कोंबड्या मारायला सुरुवात केली. लाखों कोंबड्या गेल्या. २०२१ सालीं त्याच तालुक्यांत पुन्हां तसेंच झालें. हा रोग माणसाला क्वचित् होतो, पण जगांत ज्यांना झाल्याची नोंद आहे त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. कोंबड्यांत तो वणव्यासारखा जातो, आणि लागलेली कोंबडी बहुधा वांचत नाहीं. येथें थांबून दहा वेळां विचार करायला वेळ कोठला? आमचें मत विचारलें तर सांगतों, या रोगांत रोगी कळप मारण्याचा हुकूम आम्ही चूक म्हणणार नाहीं. जड अंतःकरणानें म्हणतों, पण म्हणतों.

मात्र त्या वेळीं कीर्तनांतून, प्रवचनांतून, फडाच्या बैठकींतून त्या लाखों जिवांविषयीं कोणी एक शब्द काढलेला आमच्या कानीं आला नाहीं. माळकरी माणूस कोंबडी खात नाहीं. पण ती आपल्या ताटांत नाहीं म्हणून आपल्या दयेंतहि नाहीं काय? नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले, तें कुत्रें कांहीं पूजेचें नव्हतें. आणि त्या टापूंत मोठ्या पोल्ट्रीवाल्यांबरोबर झोंपडीच्या दारांत पांच-सात कोंबड्या पाळणारी आदिवासी बाईहि होती. तिच्या त्या पांच कोंबड्या म्हणजे आजारपणाचे पैसे, लेकीच्या बोळवणीचे पैसे. अशा बाईला भरपाई अपुरी मिळाली किंवा उशिरां मिळाली, तर पुढच्या वेळीं ती कोंबड्या टोपलीखालीं लपवील, रातोरात नात्यांतल्या गांवीं पोंचवील, आणि रोग त्या टोपलींतून पुढच्या गांवाला जाईल. थॉमस बेट्सला तीनशें वर्षांपूर्वीं हें कळलें होतें, म्हणून त्यानें भरपाई आधीं ठरविली. भरपाई म्हणजे सरकारचे उपकार नव्हेत, त्या हुकुमाचाच अर्धा भाग आहे.

लम्पीच्या साथींत आपण जरा बरें वागलों. २०२२ सालीं ती साथ महाराष्ट्रांत आली, देशांत लाखाच्या वर गुरें त्या वर्षीं गेलीं. मारण्याचा हुकूम निघाला नाहीं. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली, जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद केल्या, आणि रोगानें दगावलेल्या दुभत्या गाईमागें ३०,००० रुपये, बैलामागें २५,००० आणि वासरामागें १६,००० रुपये असें साहाय्य राज्य सरकारनें जाहीर केलें. गांठींनीं भरलेली गाय रात्रभर उशाशीं बसून हळदीचा लेप लावून जगविणारीं घरें आम्हांला ठाऊक आहेत. तीं गुरें वांचलीं, दूधहि देऊं लागलीं. हुकुमानें तीं पहिल्याच आठवड्यांत गेलीं असतीं. पण लम्पी माणसाला होत नाहीं, म्हणून ही सवड मिळाली, हेंहि विसरूं नये. प्रत्येक रोगाचा निवाडा वेगळा करावा लागतो तो याचसाठीं.

आपल्या देशाचा यासंबंधीचा कायदा २००९ सालचा आहे. रोगी जनावराला मरण देणें इतर जनावरांच्या किंवा माणसांच्या रक्षणासाठीं अवश्य आहे असें पशुवैद्याला वाटलें, तर त्यानें तसा लेखी हुकूम द्यावा, असें त्यांत म्हटलें आहे. ‘लेखी’ हा शब्द आम्हांला मोलाचा वाटतो. लिहायला बसलें कीं हात थोडा थबकतो. त्या कागदावर जनावराची संख्या लिहून भागूं नये. या जिवाला काय झालें आहे, वेगळें ठेवून भागलें असतें काय, लस होती काय, धनी काय म्हणाला, एवढें तरी त्यावर असावें, आणि खालीं एका माणसाची सही असावी. त्या डॉक्टरचेंहि दुःख आहेच. २००१ सालीं ब्रिटनमध्यें दिवसेंदिवस गुरें मारण्याचें काम ज्यांच्या वांट्याला आलें, त्या पशुवैद्यांपैकीं कित्येकांच्या मनावरचा घाव पुढें वर्षानुवर्षें भरला नाहीं. जनावरांवरच्या प्रीतीनें ज्यांनीं ती विद्या घेतली, त्यांच्याच हातीं आपण हें काम देतों.

आणि आपल्याकडचें काम? कार्तिकीला पंढरीस जनावरांचा बाजार भरतो. उद्यां नव्या साथीची बातमी आली आणि बाजार भरवूं नका, गुरें गांवाबाहेर काढूं नका, असा हुकूम निघाला, तर तो पाळणें हाच मारण्याचा दुसरा हुकूम टाळण्याचा उपाय असेल. पण ज्यानें बैलजोडी विकून देणें फेडायचें ठरविलें आहे, त्याची जोडी दावणीलाच राहील, आणि तिला चार महिने वैरण लागेल. ती कोणी घालायची, हें गांवानें आणि फडानें साथ येण्याच्या आधींच बसून ठरविलें पाहिजे. साथ आल्यावर वैरणीचे भाव काय होतात, हें शेतकऱ्याला ठाऊक आहे.